व्हॅन्स आरव्ही-७ चं शेपटाचं किट: पत्रा उत्तम, संयम आपला आपण आणायचा

ऑरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-७ हे छोटं विमान किटमधून घरी बांधायचं तर सुरुवात शेपटापासून. तेच बरं, पंखांना हात घालण्याआधी रिव्हेटिंग (धातूच्या रिव्हेट ठोकून पत्रे जोडणं) जमतंय का ते इथेच कळतं. पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड, म्हणजे शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. भोकं पाडूनच येतात, जिग (भाग जागच्या जागी धरणारा साचा) जवळपास लागत नाही. पण ती अंतिम मापाची नसतात: क्लेको (पत्रे तात्पुरते जखडणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावून ३/३२ इंची रिव्हेटसाठी ४० नंबरचं, १/८ साठी ३० नंबरचं ड्रिल फिरवायचं. मग बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार किनार) काढायची, डिंपल (रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसावं म्हणून भोकाभोवती खळगे) मारायचे. बर काढणं महाकंटाळवाणं, पण ती राहिली की डिंपल मारताना तिथूनच चीर जाते.

रिव्हेटच्या ठोकलेल्या डोक्याचा व्यास दांड्याच्या दीडपट हवा, उंची निम्मी. जरासं तिरकं बसलं म्हणून लगेच ड्रिलने उपसायला धावू नका. ड्रिल भरकटलं की भोक मोठं होतं आणि दुखणं वाढतं.

खरा कस रडरच्या (शेपटाच्या उभ्या, हलत्या पात्याच्या) मागच्या कडेला लागतो. कड सरळ अँगलला क्लेकोने जखडा, आतल्या पाचरीला सीलंट लावा, पूर्ण वाळू द्या, मगच रिव्हेट. तेही ओळीने नाही, विखरून. नाहीतर कड केळ्यासारखी वाकलीच म्हणून समजा.

दुसऱ्याचं पडून असलेलं किट घेताय? लेसरने कापलेले भाग आहेत का ते आधी बघा. त्यांच्या भोकांना चिरा जात असल्याचं २०२३ मध्ये समोर आलं होतं.