इसार देऊन आणलेले की गावचेच पोट्टे?

तालुक्याच्या फुटबॉल क्लबकडे वर्गणी, दोन-तीन देणगीदार आणि एखादं बक्षीस मिळून वर्षाला दोनेक लाख जमतात असं धरू. समोर कामठी-नागपूरकडचे जुने क्लब आणि वणी-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यातले संघ. त्यातल्या काहींकडे पगारी कोच आणि नोकरीत असलेले खेळाडू. मग दर पावसाळ्यात क्लबच्या बैठकीत तेच दोन तट पडतात. एक म्हणतो, स्पर्धेपुरते बाहेरून पाच गडी आणा. दुसरा म्हणतो, तोच पैसा पोट्ट्यांवर लावा. दोन्ही करून पाहिल्यावर जे दिसलं ते इथे मांडतो. तुमच्या गावचा हिशेब थोडा वेगळा निघू शकतो.

बाहेरच्यांची बाजू आधी, कारण ती लंगडी नाही. निकाल यंदाच मिळतो. प्रेक्षक वाढतात आणि देणगीदार पुढच्या वर्षीही दार उघडतो. चांगल्या हाफशेजारी (मधल्या फळीतल्या गड्याशेजारी) खेळताना आपलं पोट्टं चेंडू येण्याआधी मान वळवून बघायला शिकतं, आणि ही गोष्ट सांगून येत नाही. आता खर्च. माणशी दीड हजार धरले तर पाच गड्यांचे साडेसात हजार, गाडी आणि जेवणाचे चार हजार. सामन्याला साडेअकरा, चार सामन्यांच्या स्पर्धेला ४६ हजार. दोन लाखांत चार स्पर्धा. पहिलं बक्षीस ५१ हजारांचं असेल, तर जिंकूनही हातात पाच हजार उरतात आणि उपांत्य फेरीत हरलात तर सगळं अंगावर. त्यात एखादा गडी दुसऱ्या क्लबच्या नावावर नोंदलेला निघाला की समोरचा प्रोटेस्ट, म्हणजे आयोजकांकडे तक्रार टाकतो आणि मैदानावर जिंकलेला सामना टेबलावर जातो.

हे सगळं सोसता येतं. सोसवत नाही तो आदल्या रात्री साडेनऊचा फोन. "भाऊ, गाडी भेटून नाही राहिली, उद्याचं जमत नाही वाटते." गाडी भेटलेली असते, ती दुसऱ्या मैदानाकडे निघालेली असते, पाचशे जास्त घेऊन. इसार परत मागायची सोय नाही, कारण पुढच्या महिन्यात त्यालाच पुन्हा फोन लावायचा असतो. शिवाय ऐनवेळी गळणारा बहुतेक वेळा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधला गडी असतो, कारण इसार त्याच्यावरच मोडलेला असतो. मग उजवा बॅक आत सरकतो, विंगवाला बॅकला येतो, राखीव पोट्टं विंगला जातं. एका फोनने तीन जागा हलतात. समोरचा फॉरवर्ड ऑफसाइड सापडावा म्हणून रेघ धरायला बचावातले जे चौघं एका सुरात पुढे यायला हवेत, ते एकमेकांचं नावही वॉर्म-अपमध्ये विचारतात. पहिला लांब चेंडू पाठीमागे पडला की दोघं धावतात, दोघं हात वर करून लाइन्समनकडे बघतात. पाचशेचे सातशे करून हा फोन थांबत नाही, कारण समोरच्याकडे हजार असतात.

पोट्ट्यांची बाजू स्वस्त दिसते, पण चिवट आहे. पहिला शत्रू मैदान. काळी माती पावसात बुटाला किलोभर चिकटते आणि मार्चनंतर अशा भेगा पडतात की घोटा अडकतो. चार-पाच इंच मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवावा, मध्यापासून दोन्ही कडांना हलका उतार ठेवावा. मुरूम चाळून घ्यावा, नाहीतर गोलकीपरची कोपरं सोलून निघतात. मुरमावर शिवलेल्या चेंडूचे टाके लवकर उसवतात, म्हणून सरावाला रबरी, शिवलेला फक्त सामन्याला. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना चार नंबरचा चेंडू, पुढे पाच. तिघांत एक चेंडू हवा, म्हणजे चाळीस पोरांना चौदा. लांब स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट कडक जमिनीवर टाचा दुखवतात. आखूड, जास्त स्टडवाले घ्यावेत.

दुसरा शत्रू शेतीचं वेळापत्रक. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग जानेवारीपर्यंत कापसाची वेचणी. अर्धी पोरं वावरात. तेव्हा अकरा-अकरा जमवायचा हट्ट सोडावा. ३० बाय २० मीटरच्या चौकोनात पाच-पाच खेळवावेत, हजेरी घटली तरी सराव मोडत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेपाच ते सात, त्यानंतर नाही. तिसरी गळती दहावी-बारावीची, आणि अठरा झाले की पोलीस भरतीच्या धावण्याची. म्हणून एकच तुकडी घडवू नये. दरवर्षी बारा-चौदाची नवी भरती हवी. चार वर्षांआधी फळ मागू नये.

आणि घडलेलं पोरगं मोठा क्लब उचलतोच. इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्डने २०१६ साली याच वैतागाने अकादमी बंद केली आणि इतरांनी सोडून दिलेल्या तरुणांचा 'बी' संघ उभा केला. २०२१ मध्ये ते तिथल्या सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये गेले, अर्थात ती एकट्या बी संघाची कमाई नव्हे. आपल्याकडे हा धडा असा लागू होतो, की निवड चाचणीतून परतलेलं सतरा-अठराचं पोट्टं चिडलेलं असताना लगेच गाठावं. स्पेनच्या अॅथलेटिक बिल्बाओ क्लबचा दाखला मात्र सांभाळून द्यावा. फक्त बास्क भागात जन्मलेले किंवा घडलेले खेळाडू घेऊन तो क्लब १९२९ पासून स्पेनच्या पहिल्या विभागात टिकून आहे, पण त्याच्यामागे अख्खा प्रदेश आहे, एक तालुका नाही. जागतिक नियमात खेळाडूच्या बदली रकमेतले (नवा क्लब जुन्या क्लबला देतो त्यातले) ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. ते मुख्यतः आंतरराष्ट्रीय बदल्यांपुरतं असल्याने त्यावर बजेट मांडू नये. तरी बाराव्या वर्षापासून नोंदणीचे कागद नीट ठेवावेत.

मिझोरमच्या आयझॉल एफसीने २०१६-१७ची आय-लीग ही देशपातळीची लीग जिंकली ती मिझो पोरं आणि बाहेरचे मोजके गडी यांच्या जोरावर. नंतर प्रशिक्षक खालिद जमील ईस्ट बंगालला गेले. लुटले तेही गेले, पण हंगाम संपल्यावर; फायनलच्या आदल्या रात्री नाही. माझा काटा इथेच झुकतो.

रोज एकत्र असणाऱ्या पोट्ट्यांचा आणखी एक फायदा म्हणजे थांबलेला चेंडू. डेन्मार्कच्या मिट्युलांडने २०१४-१५ची लीग जिंकली तेव्हा कॉर्नर आणि फ्री किकवर त्यांचा मोठा भर होता, आणि याला पैसा लागत नाही. मंगळवारी-शुक्रवारी वीस मिनिटं पुरतात: एक जण जवळच्या खांबाशी डोक्याने चेंडू मागे सरकवतो, दोघं लांबच्या खांबाकडे धावतात, एक जण गोलकीपरसमोर उभा राहतो, दोघं मागे थांबतात. चेंडू टाकणारा पाय ठरलेला हवा. हे सामन्याच्या सकाळी गाडीतून उतरलेल्याला सांगून जमत नाही.

यंदाच काही दाखवलं नाही तर देणगीदार जाईल, अशी वेळ असेल तर बाहेरचे आणा, बिनदिक्कत. पण पाच नकोत, एकच, आणि फॉरवर्ड नको, स्टॉपर. त्याच्याशी सामन्यागणिक नाही, जुलै ते जानेवारी असं बोलावं. राहायला खोली, महिन्याला ठरलेली रक्कम, अर्धी महिना संपल्यावर. आठवड्यातून तीन दिवस सरावाला उभा राहणार नसेल, तर कितीही चांगला असला तरी सोडून द्यावा.