सेव्ह केलेली फाईल कॉम्प्युटरवर शोधायची की ड्राईव्हवर? कोकणात राहणाऱ्यांसाठी

आंब्याचा सीझन आला की व्यापाऱ्यांची बिलं, सातबारा, बँकेचे कागद सगळं कॉम्प्युटरवर साठत जातं आणि नेमकं हवं तेव्हा सापडत नाही, म्हणून रत्नागिरी-देवगडकडचे बागवाले, होमस्टेवाले नेहमी विचारतात की फोल्डर करून ठेवू की सगळं गुगल ड्राईव्हवर टाकू.

नुसतं शोधणं बघायचं तर ड्राईव्ह पुढे आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफमधला छापील मजकूरसुद्धा ते बऱ्याचदा शोधून देतं, फाईलचं नाव आठवायलाच हवं असं नाही. विंडोजचा सर्च क्लासिक मोडवर असेल तर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागाच धरतो, डी ड्राईव्हवरचं (म्हणजे कॉम्प्युटरच्याच डिस्कच्या दुसऱ्या भागातलं) टास्कबारमधून शोधलं तर सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन एन्हान्स्ड मोड लावा, सुरुवातीला इंडेक्स, म्हणजे सगळ्या फाईलींची आतली यादी, व्हायला वेळ लागतो पण मग फरक कळतो. आणि नाव अर्धवट जरी आठवत असेल तर एव्हरीथिंग नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकाच, चार अक्षरं टाईप केली की पूर्ण डिस्कवरची यादी समोर, नेट नसलं तरी चालतं. फक्त ते मुळात नावावर शोधतं, आतल्या मजकुरासाठी ते नाही.

जुन्या मराठी फाईलींचं मात्र वेगळं आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं पत्र असेल तर आत युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना ओळखता येणारी, मराठी अक्षरं नसतातच, त्यामुळे "हापूस" लिहून शोधलं तर कॉम्प्युटरलाही सापडणार नाही आणि ड्राईव्हलाही नाही, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. अशा फाईलींना नीट नाव द्या, आधी वर्ष मग महिना मग विषय, म्हणजे २०२४-०५-व्यापारी-बिल असं, यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

आता उघडण्याचं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही. लाईट गेली की डेस्कटॉप बंद, तेव्हा ड्राईव्हवरचा कागद मोबाईलवर उघडतो, पण टॉवर चालू असेल तरच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावांत दोन्ही गेलं होतं. त्यामुळे पावसाळ्यात लागणारे कागद मोबाईलवर ऑफलाईन करून ठेवा. वनड्राईव्ह (मायक्रोसॉफ्टचं गुगल ड्राईव्हसारखंच) वापरत असाल तर फाईलीपुढे ढगाचं चिन्ह आहे का बघा, ढग म्हणजे ती फाईल कॉम्प्युटरवर नाहीच, उघडायला नेट लागणार. राईट क्लिक करून कायम याच कॉम्प्युटरवर ठेवायचा पर्याय निवडला की ती विनानेट उघडते.

फुकट जागा गुगलकडे १५ जीबी, त्यात जीमेल आणि फोटोही आले, वनड्राईव्हवर ५ जीबी. कागदपत्रांना पुरते, बागेचे व्हिडिओ टाकू नका.

माझं स्पष्ट मत, रोजचं काम कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमधून करा, शोधायला एव्हरीथिंग ठेवा, पण फक्त तेवढ्यावर थांबू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानांतले कॉम्प्युटर पाण्याखाली गेले, आणि डिस्कच गेली तर कुठलाही सर्च काय शोधणार? सातबारा पुन्हा ऑनलाईन काढता येतो, वर्षानुवर्षांचा गिऱ्हाईकांचा हिशोब कुठून आणणार, म्हणून ड्राईव्हवर पहिल्यांदा तो टाका.