फ्री चेकिंगच्या नावाखाली घरातले चांगले पाइप काढून नेले, ६१,९०० रुपयांचा फटका

सिंकखालचे, बेसिनखालचे, गिझरचे जाळीचे कनेक्शन पाइप "फ्रीमध्ये चेक करून देतो" म्हणत कोणी तुमच्या सोसायटीत आलं, तर त्याला गेटच्या आत घेऊ नका. आमचे ६१,९०० रुपये गेले. आकडा आधीच सांगते, कारण "अहो, पाइपात असे कितीसे जाणार?" हे मला चौकीत तोंडावर ऐकवलं गेलंय.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. बिल्डिंग २०१५ ची. वरच्या मजल्यावर एकांचा फ्लश टँकचा पाइप फुटून पाणी थेट लिफ्टमध्ये गेलं होतं, तेव्हापासून सगळ्यांच्याच मनात धास्ती. ही माणसं नेमकी ती धास्ती हेरूनच येतात. नोटीस सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तीही कमिटीतल्याच एकांनी टाकलेली. गळ्यात आयकार्ड, टी-शर्टवर कंपनीचं नाव, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये एंट्री. समोरच्या वहिनींकडचं काम आटोपून मग आमच्याकडे आले. आता मला "घरात घेतलंच कसं?" असं विचारणाऱ्यांनी सांगावं, यात संशय घ्यायला जागा कुठे होती?

दोघं होते. एक बोलणारा, एक पान्हा चालवणारा. बोलणाऱ्याने किचन सिंकचा जुना पाइप सोडवला, खिशातून लोहचुंबक काढलं आणि जाळीला लावलं. ते हलकंसं चिकटलं. "बघा काकू, लोखंड आहे. बिल्डरने फसवलंय तुम्हाला." मग त्याच्या बॉक्समधल्या नव्या पाइपला लावलं, चुंबक चिकटेचना. "हे खरं ३०४ स्टील. हात लावून बघा ना." (३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार.)

मी हात लावला. पाइप जुन्यापेक्षा हलका लागला. रंगही स्टीलचा नव्हता, पांढरट होता. आणि बोटांना काळसर कळकट लागलं, ते मी नॅपकिनला पुसलंसुद्धा! स्टीलच्या भांड्याने कधी हात काळे होत नाहीत, ॲल्युमिनियमच्या पातेल्याने होतात, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मलाही होतं. पण तो एकसारखा बोलत होता, दुसऱ्याने तोवर बेसिनचा पाइपही सोडवला होता, मेन कॉक बंद, घरात आजारी सासूबाई आणि नळाला पाणी नाही. विचार करायला उसंतच मिळू द्यायची नाही, हाच त्यांचा धंदा. तो काळा हात आठवला की आजही संताप होतो.

चुंबकाचं खरं काय ते नंतर कळलं. ३०४ स्टीलची तार बारीक ओढताना त्या धातूत थोडं चुंबकीयपण येतं, त्यामुळे अस्सल जाळीलाही चुंबक हलकंसं चिकटू शकतं. ॲल्युमिनियमला ते कधीच चिकटत नाही. म्हणजे आमचं खरं स्टील त्याने लोखंड ठरवलं आणि त्याचं ॲल्युमिनियम स्टील म्हणून गळ्यात मारलं. कुणी चुंबक काढून दाखवायला लागला तर त्याला तिथूनच परत पाठवा.

वर जुने दहाच्या दहा पाइप "भंगार आहे, आम्ही नेतो" म्हणून गोणीत भरून नेले. पुरावाच नेला! कोणताही पार्ट बदला, जुना पार्ट घरातच राहिला पाहिजे. यावर वाद घालायला लाजू नका.

हिशेब असा: १० पाइप, प्रत्येकी ८५०, म्हणजे ८,५००. चार अँगल कॉक (भिंतीतून पाइपला पाणी सोडणारे छोटे नळ) ६५० प्रमाणे २,६००. मजुरी १,५००. एकूण १२,६००, त्यात सासूबाईंकडे बघून "सीनियर सिटिझन डिस्काउंट" ६००. यूपीआयने १२,००० दिले. स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, "आमच्या अकाउंटंटचं आहे." बिलावर जीएसटी नंबर होता, पाच वर्षांची गॅरंटी पेनाने लिहिलेली होती. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. आमच्या बिलावरचा ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा, आणि मोजून १४ अक्षरांचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून कुणालाही तपासता येतो, पैसे द्यायच्या आधी तपासा.

हे नोव्हेंबर २०२४ मधलं. मे २०२५ मध्ये आम्ही लग्नासाठी साताऱ्याला होतो. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन, "तुमच्याकडून पाणी येतंय, हॉलचं पीओपी खाली आलंय." गच्चीवरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत होतं. बाहेरगावी जाताना घराचा मेन कॉक बंद करा. एका रात्रीसाठी जात असलात तरी बंद करा.

फुटलेला पाइप मी जपून ठेवलाय. नट उभा चिरलाय. वरून क्रोमची चकाकी आणि चिरेच्या आत खडबडीत, राखाडी जस्त. पितळ असतं तर आतून पिवळं दिसलं असतं. नटाच्या वर चार बोटं जाळीवर पांढरी भुकटी धरलेली, नखाने तार ओढली तर तुटून हातात येते. आमच्या नेहमीच्या हार्डवेअरवाल्याने बघताच सांगितलं, "ताई, हा ७० रुपयांचा माल. पान्ह्याने जास्त आवळला की नट आतून तडकतो, मग काही महिन्यांनी सुटतो." नट हाताने घट्ट करून वर पान्ह्याचा पाव फेरा पुरतो. त्या माणसाने अख्खं अंग टाकून आवळलं होतं, आणि मला वाटलं मन लावून काम करतोय.

किचनच्या ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगलं, ३१,५००. खालच्या काकांचं पीओपी आणि रंग, १४,२००. सगळे पाइप पुन्हा नवे, मजुरीसह ४,२००.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत पहिला प्रश्न, "वस्तू दिली ना त्याने? बसवली ना? मग फसवणूक कशी?" खोटं सांगून पैसे काढून घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम कशासाठी आहे? "ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." दुसऱ्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. मी खुर्चीवरून उठलेच नाही, तेव्हा शिक्का मारला. बिलावर फोन नंबर आहे, बँक खात्यावर नाव आहे, गेटच्या कॅमेऱ्यात चेहरे आहेत, आणखी काय हातात आणून द्यायचं? पेमेंट ॲपवाले म्हणतात पिन तुम्हीच टाकला. बँक म्हणते ॲपकडे जा. आमची कमिटी म्हणते आम्ही फक्त नोटीस फॉरवर्ड केली. नोटीस टाकणारे गृहस्थ ग्रुपमधूनच बाहेर पडले. प्रत्येकाने हात झटकले आणि प्रत्येक ठिकाणी मलाच आरोपीसारखे प्रश्न! गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात ती तरतूद आहे. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलीय. हे चौकीत कुणीही सांगत नाही.

पाइप तपासायला कुणाची गरज नाही. कोरडा टिश्यू पेपर नटाभोवती गुंडाळा, दहा मिनिटांनी ओला झाला तर गळतंय. जाळीची तार तुटलेली, पाइप फुगलेला, मुरडलेला, नटाशी गंज किंवा पांढरं दिसलं तर लगेच बदला. सिंकखाली फरशीचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ठेवू नका, त्यांच्या वाफेने चांगलं स्टीलही खाल्लं जातं. अँगल कॉक अधूनमधून फिरवत राहा, नाहीतर ऐन वेळी जाम. पाइप ओळखीच्या दुकानातून स्वतः आणा. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी आणि बनवल्याचा महिना-वर्ष असायलाच हवं. आमच्या बॉक्सवर चकचकीत फोटो होता आणि "३०४" एवढंच.

आमच्या बिल्डिंगमधल्या १४ घरांत हेच पाइप बसलेत. लाजेने कुणी बोलत नव्हतं, मी बोलल्यावर सात जण पुढे आले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या ३५ व्या कलमाप्रमाणे, एकाच प्रकारची तक्रार असलेल्या ग्राहकांना जिल्हा आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि वस्तू-सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कागद तयार होताहेत. तुमच्याकडेही ०७ ने सुरू होणाऱ्या १४ अक्षरी नंबरचं बिल असेल तर ते फाडू नका, पाइप काढलात तर फेकू नका, आणि मला निरोप द्या. तक्रारीत तुमचंही नाव घालू.