लॅन्सेट २८, ३० की ३३ गेज? बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

घरी रक्तातली साखर मोजायचं ग्लुकोमीटर घेताना सगळे मशीनची आणि रक्ताचा थेंब लावायच्या स्ट्रिपची चौकशी करतात. लॅन्सेट, म्हणजे बोटाला टोचायची छोटी सुई, पाकिटात जी येईल ती. पण रोज बोटाशी गाठ असते ती तिचीच. टोचायची धास्ती बसली की आज राहू दे, उद्या बघू असं सुरू होतं, आणि मग औषध लागू पडतंय की नाही हेच समजत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. मी २८, ३० आणि ३३ तिन्ही वापरल्या. २८ ची टोच ठसठशीत जाणवते, पण थेंब लगेच येतो. ३३ टोचल्याचं जेमतेम कळतं, आणि म्हणूनच ती सगळ्यांना हवीशी वाटते. अडचण होते सकाळी बोटं गार असताना. लाल ठिपका दिसतो, पण थेंब काही धरत नाही. मग बोट पिळावं लागतं. जोरात पिळलं की रक्तात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकू शकतो. रक्त कमी पडलं तर मशीन एरर दाखवते आणि स्ट्रिप वाया जाते. हल्लीच्या बऱ्याच मशीनना १ मायक्रोलिटरहून कमी रक्त पुरतं, पण तेवढं तरी न पिळता यायला हवं. माझ्या बोटांना ३० गेज बरोबर जमते. सुईची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर, दुखणं नावापुरतं.

दुखण्याचा निम्मा हिशेब गेजपेक्षा पेनात, म्हणजे लॅन्सेट बसवून टोचायच्या साधनात आहे, असं माझं ठाम मत झालंय. लॅन्सेट पेनात सैल बसली तर सुई आत जाताना हलते, आणि तीच बारीक सुई चांगलीच झोंबते. त्यामुळे लॅन्सेट आपल्या पेनात घट्ट बसते ना, हे घेण्याआधी बघा. गोल बुडाच्या साध्या लॅन्सेट बऱ्याच पेनांत चालतात, सगळ्यांत नाही. सुई किती खोल जाईल याचा पेनावरचा आकडा सर्वांत कमीवरून सुरू करून एकेक वाढवावा. मी २ वर थांबले. घट्टे पडलेल्या बोटांना मोठा आकडा लागेल.

टोचायची जागा पेराच्या कडेला, मधोमध नाही. मधोमध मज्जातंतूंची टोकं जास्त असतात, आणि नंतर दिवसभर काहीही धरताना तीच जागा दुखते. मी मधलं बोट, अनामिका आणि करंगळी आळीपाळीने वापरते. आधी कोमट पाण्याने साबण लावून हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, हात खाली सोडून थोडा झटकायचा, मग पेन बोटावर नीट टेकवून खटका दाबायचा. फळ चिरल्यावर हात न धुता तपासलं तर बोटावरच्या साखरेनेच आकडा वर जातो, त्यामुळे धुण्यात हयगय नको.

लॅन्सेट एकदाच वापरायची. एका टोचण्यानेही टोक बोथट व्हायला लागतं आणि ती निर्जंतुक राहत नाही. आईलाही मधुमेह आहे, पण तिचं पेन वेगळं. नुसती लॅन्सेट बदलून एकच पेन दोघींनी वापरणं धोक्याचं, कारण पेनाला लागलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. दुसऱ्या कुणाची शुगर बघायची असेल तर सेफ्टी लॅन्सेट उत्तम. दाबली की टोचते, सुई आपोआप आत जाते आणि पुन्हा बाहेर येत नाही. फक्त तिची खोली बहुधा ठरलेली असते, त्यामुळे नाजूक बोटांना जरा जास्त लागते. वापरलेल्या सगळ्या लॅन्सेट मी जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाच्या बरणीत टाकते. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला त्या टोचता कामा नयेत.

माझी एकच तक्रार आहे, ती सुईवरच्या टोपणाबद्दल. ते पिळून काढावं लागतं आणि फारच बारीक असतं. आईची बोटं आखडलेली, तिला ते चिमटीत धरताच येत नाही. रोज मीच काढून देते. टोपण थोडं रुंद केलं तर तिच्यासारख्या कितीतरी जणांना कुणाची वाट न बघता तपासता येईल.