200 अँपिअरचं वेल्डिंग मशीन आणि बारा फुटी बैल

बारा फुटी पत्र्याचा बैल उभा करायला 200 अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पुरतं. फक्त खोक्यावरचा 200 हा आकडा विसरायचा, सगळं काम 70 ते 120च्या दरम्यानच होतं. सांगाड्याला 50×50 मिमीचा, 3 मिमी जाडीचा चौकोनी पाइप आणि अंगाला 2 मिमी पत्रा धरला, तर 2.5 मिमीचा 6013 (साध्या लोखंडाला नेहमी वापरतात तो) रॉड पत्र्यावर 70 ते 75ला आणि पाइपवर 80 ते 85ला छान चालतो. पायाखालच्या 12 मिमी प्लेटलाच काय तो 3.15चा रॉड आणि 120 अँपिअर लागतात. पत्र्याला भोकं पडत असतील तर पोलॅरिटी बदला, म्हणजे रॉड धरायचा होल्डर निगेटिव्हला आणि अर्थची केबल पॉझिटिव्हला.

खरी अडचण विजेची असते. 80 अँपिअरवर मशीन लाइनमधून साधारण 13-14 अँपिअर ओढतं, म्हणजे 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट कसाबसा भागवतो. 120ला तेच 22च्या आसपास जातं. तिथं वेगळी लाइन आणि 32चा एमसीबी हवाच. अंगणातल्या कामासाठी दीड चौरस मिमीची 30 मीटर वायर ओढली, तर 22 अँपिअरला 15 व्होल्ट वायरमध्येच जातात. 4 चौरस मिमीची तांब्याची वायर घेतली की हे नुकसान सहाच्या आत येतं. वायर गुंडाळून ठेवू नका, गुंडाळीच तापते. ऊसपट्ट्यात शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. रॉड चिकटायला लागला की लोक मशीनला नावं ठेवतात, पण आधी सॉकेटवर मीटर लावून बघावं.

ड्यूटी सायकल 60 टक्के म्हणजे पूर्ण 200वर दहा मिनिटांत सहाच मिनिटं काम. हिशोबानं 120वर मशीन अखंड चालायला हवं. पण हे आकडे बहुधा 40 अंश हवेसाठी दिलेले असतात आणि सांगलीच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या डब्याभोवतीची हवा त्याहून गरम असते. मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागला तर बटण बंद करू नका, पंखा फिरू द्या. सावलीत ठेवलं तर ही वेळ क्वचितच येते.

चार मित्र असतील तर मशीनला विसावा आपोआप मिळतो. एकानं वेल्डिंग करायचं, दुसऱ्यानं पत्रा क्लॅम्पनं दाबून धरायचा, तिसऱ्यानं स्लॅग (टाक्यावरची काळी खपली) झाडून पुढची कड घासायची. चौथ्यानं ओळंबा आणि गुण्या घेऊन लांबून बघायचं. हे चौथं काम फुकटचं वाटतं, पण बैलाची मान वाकडी झालेली जवळून कुणाला दिसत नाही. होल्डर सगळ्यांना हवासा वाटतो, पण तो एकाच्याच हातात राहिलेला बरा. काच मात्र सगळ्यांच्या डोळ्यांवर हवी, पत्रा धरणाऱ्याच्या तर आधी. सांध्याची पूर्ण लांबी एका दमात ओढली, तर पत्रा पापडासारखा वळतो. 25 मिमीचा टाका, 75 मिमी मोकळं, मग बैलाच्या दुसऱ्या कुशीला जायचं, ती झाली की परत इकडे. 8×4 फुटी 2 मिमी पत्रा 47 किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे आकाराचे तुकडे खालीच कापून घ्या. डोकं वेगळं बनवून शेवटी एक टनाच्या चेन पुलीनं चढवा.

मशीनसोबत येणाऱ्या वस्तू ही सगळ्यात पडती बाजू. दोन-तीन मीटरची केबल आणि पातळ पत्र्याचा अर्थ क्लॅम्प एवढंच मिळतं. तापला की क्लॅम्पची पकड जाते आणि आर्क तुटत राहतो. 25 चौरस मिमीची दहा मीटर केबल आणि पितळी क्लॅम्प पहिल्याच दिवशी घ्या. पाठीवर चढायचं असेल तर मशीन वर न्यायची गरज उरत नाही.

मशीन जास्त वापरानं कमी आणि ग्राइंडरच्या धुळीनं जास्त मरतं. पंखा लोखंडाचा कीस आत ओढतो, तो सर्किट बोर्डावर बसतो आणि पहिल्या दमट दिवशी शॉर्ट होतो. ग्राइंडिंग पंधरा फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला करा. आठवड्याला प्लग काढून ब्लोअर मारा. जून ते सप्टेंबर पाटण-महाबळेश्वरकडे रॉडही ओल धरतात. फसफस आवाज आणि सांध्यात बारीक भोकं दिसली, तर रॉड तासभर 100 अंशांच्या थोडं वर वाळवून घ्या.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा भंगारात स्वस्त मिळतो, पण जस्ताचा धूर ताप आणतो. कड दोन्ही बाजूंनी घासून पांढरा थर काढल्याशिवाय रॉड लावू नका. बंद पाइपला वेल्डिंगआधी 6 मिमीचं भोक खालच्या टोकाला पाडा. आतली गरम हवा बाहेर पडते आणि पुढे पावसाचं पाणी साचत नाही.

जुन्या चरकाची चाकं शिंगांच्या बुडाशी शोभून दिसतात. पण ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड असतं. 6013नं जोडलं तर टाका गार होताना शेजारूनच तडा जातो, कधी दुसऱ्या दिवशी हाताला तुकडा येतो. निकेलचा रॉड चालतो, पण महाग पडतो. त्यापेक्षा बीडाला आरपार ड्रिल मारून 12 मिमीच्या बोल्टनं आवळलेलं चांगलं. या कामापुरतं मशीन बंदच ठेवायचं.