'रेड शूज' घरी, 'लॉरेन्स' थिएटरात

रिस्टोअर केलेला जुना रंगीत सिनेमा थिएटरात जाऊन बघावा की त्याची फोर-के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याची) डिस्क मागवावी? माझा उलट प्रश्न असतो: फ्रेम केवढी आहे? रंगांचं नंतर बघू.

बॅलेवरचा 'द रेड शूज' (१९४८) आणि वाळवंटातला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) हे दोन घ्या आणि घरच्या ५५ इंची टीव्हीसमोर टेप घेऊन उभे राहा. पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद, ६८ उंच. 'रेड शूज'ची फ्रेम १.३७ ला १ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण), म्हणजे चौकोनाच्या जवळची. ती टीव्हीची पूर्ण उंची वापरते; बाजूंना काळे पट्टे येतात, पण काही बिघडत नाही. 'लॉरेन्स' २.२० ला १. वर-खाली पट्टे पडून चित्र उरतं जेमतेम ५५ सेंटिमीटर उंच. एवढ्यात अख्खं वाळवंट बसवायचं! विहिरीपाशी ओमर शरीफ पहिल्यांदा येतो तो मृगजळात थरथरणाऱ्या एका ठिपक्यासारखा. कॅमेरामन फ्रेडी यंग यांनी हा शॉट खूप लांब फोकसच्या लेन्सने घेतला. घरी तो ठिपका डोळे बारीक करून शोधावा लागतो. मोठ्या पडद्यावर तो आधी दिसतो, आणि उंट आहे हे कितीतरी वेळाने कळतं. सगळी गंमत त्या उशिरातच आहे.

उलट 'रेड शूज' मल्टिप्लेक्सच्या रुंद पडद्यावर मधोमध आक्रसून बसतो. एका खेळाला मी गेलो होतो तिथे बाजूचे पडदे ओढलेच नव्हते आणि पायऱ्यांचे दिवे शेवटपर्यंत चालू. काळा रंग राखाडी झाला, आणि काळा गेला की लालही जातो.

या सिनेमात लालच तर बघायचा आहे. तो टेक्निकलर या जुन्या रंगपद्धतीत घेतलेला. तिच्या कॅमेऱ्यात लेन्समागचा प्रिझम प्रकाशाची वाटणी करायचा आणि लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशासाठी एकेक अशा तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्ह एकाच वेळी चालायच्या. निगेटिव्हमध्ये रंगच नसल्यामुळे ते विटले नाहीत. मात्र तिन्ही फिती कमी-जास्त आकसल्या, वर बुरशीही चढली. एका फितीवरचा डाग पडद्यावर रंगीत ठिपका होऊन उमटतो, आणि फिती नीट जुळल्या नाहीत तर चेहऱ्याला रंगीत कडा दिसतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट-संग्रहालयाने जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म फाउंडेशनसोबत हे सगळं निस्तरलं आणि २००९ मध्ये कान महोत्सवात नवी प्रत दाखवली. नायिका मोइरा शिअररच्या बुटांच्या सॅटिनची चकाकी डिस्कवर अंधाऱ्या खोलीत बघा, मग बोलू.

'लॉरेन्स'चं दुखणं वेगळं. निगेटिव्ह रंगीत, ६५ मिलिमीटरची, आणि इमल्शनला (फिल्मवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थराला) ठिकठिकाणी बारीक तडे. १९८९ ची प्रत जुन्या सिनेमांचे दुरुस्तीकार रॉबर्ट हॅरिस यांनी दिग्दर्शक डेव्हिड लीनना सोबत घेऊन फिल्मवरच घडवली; २०१२ मध्ये सोनीने निगेटिव्ह आठ-केमध्ये स्कॅन करून ते तडे बुजवले. एवढा तपशील ५५ सेंटिमीटरच्या पट्टीत कोंडायचा म्हणजे पैठणी घडी घालून बघण्यातला प्रकार.

एचडीआरला, म्हणजे टीव्हीच्या जास्त झगझगीत चित्राला, भुलू नका. थिएटरच्या पडद्याची प्रमाणित उजळता ४८ निट्स (निट हे उजळतेचं एकक), टीव्ही सहज कैक पटींनी पुढे जातो. जुन्या प्रिंट असल्या झगमगाटासाठी बनलेल्याच नव्हत्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये फिल्ममेकर मोड लावा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. नाहीतर बॅलेची टीव्ही मालिका होते. स्ट्रीमिंग सोयीचं, पण कमी डेटात बसवताना पहिला बळी फिल्मच्या दाण्यांचा (चित्रातल्या बारीक कणांचा) जातो. उधार-उसनवार बघायचं असेल तर ठीक.

डिस्कचा निर्णय झालाच तर एक खाचखळगा. फोर-के यूएचडी डिस्कला रीजनचं (जगाच्या कोणत्या भागात चालेल याचं) बंधन नसतं, पण ती साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीच्या 'रेड शूज' संचात सोबत येणारी ब्लू-रे रीजन ए ची, आणि भारत सी मध्ये. सिनेमा लागेल, पण ब्लू-रेवरच्या पुरवण्यांसाठी मल्टि-रीजन प्लेअर लागेल.

'लॉरेन्स'साठी मात्र थांबा. मुंबईकरांनी फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेच्या रिगल थिएटरमधल्या खेळांवर नजर ठेवावी, बाकीच्यांनी महोत्सवांच्या याद्यांवर. सिनेमा पावणेचार तासांचा आहे; मधल्या रांगेतली, मधलीच खुर्ची धरा.