पाच लिटरवरून पाचशे लिटरवर: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका किण्वन-सेवेचे परीक्षण

चांगला जिवाणू हाताशी आहे, पण तो मोठ्या प्रमाणात वाढवायला यंत्रसामग्री नाही, अशी अवस्था मुंबई परिसरातील अनेक लहान एन्झाइम उत्पादकांची असते. आमचीही तीच होती. भिवंडीच्या मागांवर विणलेल्या ग्रे (कोऱ्या, प्रक्रिया न केलेल्या) कापडाची खळ काढण्यासाठी लागणारे अमायलेज (स्टार्च तोडणारे एन्झाइम) आम्ही बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स या जिवाणूपासून तयार करतो. ५ लिटरच्या फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या टाकीत) उत्पादन समाधानकारक मिळू लागल्यावर पुढचा टप्पा गाठण्यासाठी आम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील एका कंत्राटी किण्वन केंद्राकडे गेलो. या केंद्रात ५० आणि ५०० लिटरचे फर्मेंटर भाड्याने चालवून दिले जातात. गोपनीयतेच्या करारामुळे केंद्राचे नाव येथे देता येत नाही. मात्र अशा कोणत्याही सेवेची निवड करताना काय पाहावे, हे या अनुभवावरून नक्की सांगता येईल.

केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ऑक्सिजनकडे दिले जाणारे लक्ष. ३० अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातील पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि भरात आलेला बॅसिलस तासाला लिटरमागे दीड ग्रॅमहून अधिक ऑक्सिजन सहज घेतो. म्हणजे हवा थांबली तर विरघळलेला सगळा साठा पाव मिनिटाच्या आसपास संपतो. म्हणूनच येथे कॉम्प्रेसर आणि ढवळणीची मोटर या दोन्हींना जनरेटरचा आधार आहे, हे पाहून आम्हाला हायसे वाटले. दुसरी गोष्ट म्हणजे ढवळणीचा वेग त्यांनी आमच्या नोंदवहीतून जसाच्या तसा उचलला नाही. तेवढेच फेरे ५०० लिटरच्या टाकीत ठेवले असते, तर दर लिटरमागे लागणारी शक्ती सुमारे २१ पट झाली असती, आणि तेवढ्या शक्तीची मोटर परवडत नाही. त्यांनी आधी दोन्ही टाक्यांतील ऑक्सिजन मिसळण्याचा दर मोजला, तो जुळवून घेतला आणि फेरे त्यानुसार ठरवले. पहिल्याच भेटीत हे गणित आमच्यासमोर कागदावर मांडले गेले. असे करणारी सेवा दुर्मीळ आहे.

रात्रपाळीतला एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. सोयाबीनच्या पेंडीवर वाढणाऱ्या बॅचमध्ये मध्यरात्रीनंतर फेस वर चढू लागला आणि काचेच्या झरोक्यातून तो झाकणापर्यंत आलेला दिसू लागला. आमच्या माणसाने फेसनाशक तेल एकदम ओतायला सुचवले, तेव्हा पाळीवरचा ऑपरेटर म्हणाला, “साहेब, तेल ओतलं की फेस बसतो, पण त्याबरोबर डीओसुद्धा बसतो.” डीओ म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन. त्याने हवा थोडी कमी केली, टाकीतला दाब किंचित वाढवून ऑक्सिजनची विद्राव्यता सांभाळली आणि तेल थेंबाथेंबाने सोडले. जास्तीचे सिलिकॉन तेल पुढे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (एन्झाइम गाळून घट्ट करण्याच्या) पटलांवर चिकटून बसते, हेही त्याला ठाऊक होते. अशी जाण अनुभवातूनच येते, आणि केंद्राने ती माणसे टिकवून ठेवली आहेत याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

उष्णतेच्या बाबतीत मात्र आमचे मत संमिश्र आहे. टाकी ५ लिटरवरून ५०० लिटरची झाली की आकारमानाच्या तुलनेत भिंतीचे क्षेत्रफळ साडेचार पटींहून अधिक घटते, तर जिवाणू जितका ऑक्सिजन वापरतील तितक्या प्रमाणात उष्णता सोडतच राहतात. त्यात मुंबईचा मे महिना. कूलिंग टॉवरचे पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाखाली (ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्या तापमानाखाली) उतरू शकत नाही आणि दमट हवेत ते तापमान मुळातच चढे असते. केंद्रात चिलर (पाणी गार करणारे यंत्र) आहे, परंतु दोन फर्मेंटर एकाच वेळी भरात आले की तो अपुरा पडतो आणि बॅचचे तापमान वर सरकते. उन्हाळ्यात काम द्यायचे असेल, तर त्या दिवशी दुसरी बॅच लावणार नाही हे लेखी घ्यावे. पावसाळ्यासाठी केलेली व्यवस्था मात्र चोख आहे. ओलसर हवेने निर्जंतुक गाळणी भिजली तर बाहेरचे जंतू आत शिरतात, म्हणून हवा आधी वाळवून मगच गाळणीत सोडली जाते.

तक्रारीला खरी जागा आहे ती किण्वनानंतरच्या कामात. पेशी वेगळ्या करणारा सेंट्रिफ्यूज एकच असल्यामुळे आमचा द्रव थंड न करता रात्रभर तसाच टाकीत ठेवला गेला. बॅसिलस अमायलेजबरोबर प्रोटीएज हे प्रथिने तोडणारे एन्झाइमही बाहेर टाकतो आणि ते अमायलेजलाच कुरतडते, त्यामुळे सकाळी सक्रियता लक्षणीय उतरलेली होती. विचारणा केल्यावर पुढच्या बॅचपासून द्रव ताबडतोब थंड करण्याची व्यवस्था झाली, पण ही बाब ग्राहकाने सांगावी लागता कामा नये. अहवालाचेही तसेच. त्यातले सक्रियतेचे आकडे डीएनएस पद्धतीने (स्टार्च तुटून तयार झालेली साखर मोजून) ४० अंशांवर काढलेले होते आणि आम्ही ७० अंशांवर आयोडीन पद्धतीने (उरलेला स्टार्च मोजून) मोजतो. दोन्हींची एकके वेगळी असल्याने आकड्यांची तुलना निरर्थक ठरली. अखेर आम्ही त्याच नमुन्यातून खळ लावलेले कापड काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि १ (खळ तशीच, गडद निळा) ते ९ (खळ पूर्ण निघालेली) अशा टेगेवा मोजपट्टीवर रंग ताडून पाहिला. कापड जवळजवळ पांढरेच राहिले, म्हणजे खळ निघाली होती. मोजण्याची पद्धत, तापमान आणि पीएच काम सुरू होण्याआधी करारात लिहून घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे.

दरपत्रक स्पष्ट आहे. भाडे, वाफ-वीज आणि गाळणी-शुद्धीकरण यांचे पैसे वेगळे लागतात. किण्वनाच्या कामासाठी हे केंद्र आम्ही निःसंकोच सुचवू. शुद्धीकरण आणि स्थिरीकरण मात्र स्वतःकडे किंवा अन्यत्र करावे.

पुढे २०,००० लिटरवर जाणाऱ्यांनी केंद्राकडून आणखी एक काम जरूर करून घ्यावे. मोठ्या टाकीत सगळे मिसळायला लहान टाकीच्या मानाने फार वेळ लागतो, त्यामुळे साखरेची धार पडते तेथे साखर साचते आणि दूरच्या भागात पेशी उपाशी राहतात. साखर साचली की अमायलेजचे उत्पादन दबते. लहान टाकीत साखर सलग न देता ठरावीक अंतराने झटक्यांत दिली, की हीच विषमता आधी तपासता येते. केंद्र यासाठी वेगळ्या बॅचचे पैसे घेते, तरी मोठी टाकी बुक करण्याआधी ही चाचणी करून घेणे आम्हाला आवश्यक वाटते.